कुशल मोटार-मेकॅनिकांची टंचाई : कारणे आणि परिणाम

बी. कॉम., द्वितीय वर्ष

प्रस्तावना

‘बेकारी वाढली आहे’ आणि ‘कामाला माणूस मिळत नाही’ ही दोन्ही वाक्ये आपल्या बेळगावात एकाच चहाच्या दुकानात ऐकू येतात. ती परस्परविरोधी वाटतात. परंतु मोटारदुरुस्तीच्या धंद्याकडे पाहिले म्हणजे दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे कळते. गॅरेजच्या दारात काम मागणारी मुले येतात. इंजिनातील दोष अचूक ओळखणारा मिस्त्री मात्र शोधावा लागतो. म्हणजेच टंचाई हातांची नाही, कौशल्याची आहे. हे कौशल्य पुरेसे निर्माण का होत नाही आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामाचे बदललेले स्वरूप

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्यापूर्वीच्या अँबॅसॅडर, प्रीमिअर पद्मिनी आणि सुरुवातीची मारुती या गाड्यांत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. इंजिनाचा आवाज ऐकून, स्क्रू पाव वळसा फिरवून जाणता मिस्त्री गाडी सुरळीत करी. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही मानके नव्या गाड्यांना देशभर लागू झाली. या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचे हे सेन्सरांच्या माहितीवरून गाडीतील संगणक ठरवतो. दोष निर्माण झाला की चालकासमोर दिवा पेटतो आणि स्कॅनर लावल्यावर सांकेतिक क्रमांक दिसतो.

यंत्रच दोष सांगत असल्याने मेकॅनिकचे काम सोपे झाले, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ‘पी ०१७१’ या क्रमांकाचा अर्थ, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, एवढाच. कारण तडकलेली हवेची नळी असेल, दुबळा झालेला पेट्रोलपंप असेल, मळलेला सेन्सर असेल किंवा उंदराने कुरतडलेली तारही असेल. क्रमांक लक्षण सांगतो, रोग नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर बॅटरीचा दाब कित्येक शे व्होल्ट असतो. तेथे अर्धवट ज्ञान जिवावर बेतू शकते.

शिकवण्याचा हिशेब

मागणी वाढली की भाव वाढतो आणि भाव वाढला की पुरवठा वाढतो, असे आपण अर्थशास्त्रात शिकतो. मग येथे पुरवठा का वाढत नाही? उत्तरासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू.

समजा, एका गॅरेजमालकाने नवख्या मुलास दोन वर्षे दरमहा ८,००० रुपये दिले आणि त्या काळात त्याच्या कामाचे मोल सरासरी ५,००० रुपयेच झाले. दरमहा ३,००० प्रमाणे २४ महिन्यांत मालकाची गुंतवणूक ७२,००० रुपये झाली. आता त्या मुलाच्या कामाचे मोल २०,००० आहे. मालकाने त्याला १६,००० दिले, तर दरमहा ४,००० प्रमाणे गुंतवणूक वसूल होण्यास १८ महिने लागतील. परंतु समोरच्या गॅरेजवाल्याने शिकवण्यावर काहीच खर्च केलेला नाही. तो १८,००० देऊनही फायद्यात राहतो. मुलगा तिकडे गेला तर त्याला दोष देता येत नाही. पण पहिला मालक पुन्हा कोणाला शिकवील का? त्याच्या ताळेबंदात कॉम्प्रेसर मालमत्ता म्हणून दिसतो, मुलाला दिलेली विद्या दिसत नाही.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या ‘ह्युमन कॅपिटल’ या ग्रंथात हेच तत्त्व मांडले आहे. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक करीत नाही. शिकणाराच कमी वेतन घेऊन तो सोसतो. आपल्याकडील जुनी उस्तादाची पद्धत याच तत्त्वावर चाले. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या चहा आणी, रॉकेलमध्ये नटबोल्ट धुई आणि जवळजवळ फुकट राबून धंदा शिके. १९८६ चा बालमजुरीविषयक कायदा आणि त्यातील २०१६ ची दुरुस्ती यांमुळे १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. हे योग्यच झाले. मात्र जो खर्च त्या मुलाचे बालपण फेडत होते, तो आता कोणी फेडायचा हे ठरले नाही.

आय.टी.आय.चा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाया घालतो. पण हात बसतो तो पुढे गॅरेजमध्येच. शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भाग देणारी केंद्र सरकारची योजना २०१६ साली सुरू झाली. परंतु २०१९ च्या नियमांनुसार किमान चार कामगार असलेल्या आस्थापनेलाच असे उमेदवार घेता येतात. मालक व दोन कामगार एवढाच पसारा असलेले गॅरेज त्याबाहेर राहते.

परिणाम

(१) दुरुस्तीऐवजी बदली : दोष न कळल्यास एकेक सुटा भाग बदलून पाहिला जातो. बिल वाढते आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो.

(२) विश्वासाचा ऱ्हास : गिऱ्हाइकास चांगले काम व वाईट काम यांतील फरक कळत नाही. त्यामुळे तो केवळ मजुरीची घासाघीस करतो आणि मन लावून काम करणारा मिस्त्रीही त्याच भावात मोजला जातो.

(३) जुन्या गाड्यांचा बाजार : जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवले, की विकणाऱ्यास गाडीचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही, अशा बाजारात भाव पडतात आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घेणाऱ्याच्या बाजूने गाडी तपासणारा मेकॅनिक ही दरी कमी करतो. तोच नसेल तर दरी रुंदावते.

(४) सुरक्षितता : ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ते वेळेवर न बदलल्यास लांब उतारावर तापून उकळते आणि ब्रेक लागत नाहीत. चोर्ला घाटाने गोव्यास उतरणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

उपाय

शिकवणाऱ्याचा तोटा व न शिकवणाऱ्याचा नफा हे रोगाचे मूळ असल्याने खर्च वाटून घेणे हाच खरा उपाय होय. आपल्या शहरातील फाउंड्री उद्योजकांनी सामाईक सोयींसाठी क्लस्टर उभारले आहे. त्याच धर्तीवर लहान गॅरेजवाल्यांनी वर्गणीतून एक शिक्षणकेंद्र व चांगला स्कॅनर ठेवावा. सर्वांनीच खर्च केला असेल, तर मुलगा या गॅरेजमधून त्या गॅरेजमध्ये गेला तरी कोणी बुडत नाही. दुसरे, कंपन्यांची माहितीपुस्तके व स्कॅनरचा पडदा बहुधा इंग्रजीत असतो. मराठी वा कन्नड माध्यमातून आलेला मुलगा इंजिनाशी नव्हे, त्या पडद्याशी अडतो. दोन्ही भाषांत सोप्या पुस्तिका तयार करणे हे आपल्यासारख्या दुभाषिक विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगे काम आहे.

शेवटचा मुद्दा प्रतिष्ठेचा. दहावीला कमी गुण पडले तर आय.टी.आय., ही आपली भाषाच चुकीची आहे. चार संभाव्य कारणांतून एक खरे कारण शोधणे हे बुद्धीचे काम आहे. ज्या समाजात या बुद्धीला मान नाही, तेथे ती शिकण्यास कोणी पुढे येणार नाही; आणि मग मजुरी कितीही वाढली तरी टंचाई संपणार नाही.