जुनी डिझेल पिकअप : तिची पारख आणि इंजिनबदलाचा विचार

तंजावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आजही त्या काळाची साक्ष देतात. परंतु या पुस्तिकेचा विषय राजवाडा नसून त्याच्याभोवती पसरलेली भातशेती आहे. कावेरी, वेण्णारू, कुडमुरुट्टी, अरसलार अशा प्रवाहांनी व त्यांच्या शेकडो कालव्यांनी विणलेल्या या त्रिभुज प्रदेशात पिकलेले भात शेतातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून खरेदी केंद्रावर नेणे, हा दरवर्षीचा यक्षप्रश्न असतो.

१९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते आणि कुरुवै हे अल्पमुदतीचे भातपीक सुरू होते. त्याची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस दाराशी उभा असतानाच. सरकारी खरेदीसाठी भातातील ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के आहे. पाऊस येण्यापूर्वी ४० किलोग्रॅमची पोती केंद्रावर पोहोचली, तर हमीभाव पदरात पडतो. दोन दिवसांचा उशीर झाला, तर तेच भात ओले ठरून परत येते. त्यामुळे तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एखादी जुनी डिझेल पिकअप घ्यावी, असा विचार या भागात वारंवार होतो. नवी गाडी परवडत नाही आणि जुनी घेण्यात फसगतीचे भय असते. ही पारख शास्त्रीय दृष्टीने कशी करावी, आणि ‘जुने इंजिन काढून मोठे बसवू’ या सल्ल्यात तथ्य किती, ते येथे पाहावयाचे आहे.

१. डिझेल इंजिनाचे मर्म

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालले. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात ओढलेली हवा दट्ट्या सुमारे सोळा ते बावीस पट दाबतो. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. डिझेल इंजिनाचे आरोग्य म्हणजे त्याचे संपीडन. दट्ट्यावरील कडी झिजली किंवा झडपा नीट बसेनाशा झाल्या, की दाबलेली हवा निसटते, तापमान पुरेसे चढत नाही आणि इंजिन सुरू होण्यास कुरकुरते. म्हणूनच जुनी गाडी पाहावयास जाताना इंजिन रात्रभर थंड राहिलेले असावे, असा आग्रह धरावा. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर परीक्षेचा अर्धा भाग हातातून गेला असे समजावे.

२. धुराची भाषा

थंड इंजिन सुरू करताना एक मनुष्य धुराड्यापाशी उभा ठेवावा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. हवेची गाळणी तुंबलेली असणे किंवा इंजेक्टर बिघडलेला असणे ही त्याची सामान्य कारणे होत, आणि ती दुरुस्त होण्याजोगी असतात. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे; याचा अर्थ कडी, सिलिंडर किंवा झडपांची मार्गिका झिजलेली असून खर्च मोठा आहे. पांढरा धूर पहिल्या मिनिटात दिसून थांबला, तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर इंधन अर्धवट जळत आहे किंवा थंडाव्याचे पाणी सिलिंडरात शिरत आहे.

नंतर इंजिन चालू असतानाच तेल भरण्याचे झाकण सैल करावे. तेथून वाफेचे भपकारे जोराने येत असतील, तर ज्वलनाचा वायू दट्ट्यांच्या बाजूने खाली उतरत आहे. तेलाची पट्टी काढून पाहावी; तेल दुधासारखे झालेले असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय, तेही पाहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये.

३. इंजिनाच्या पलीकडे

इंजिनाची शक्ती क्लच, गिअरपेटी, प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या आसातील डिफरन्शियल यांच्या साखळीतून चाकांपर्यंत जाते. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढावेत, पण वेग वाढू नये, असे झाल्यास क्लच घसरत आहे. पाय उचलताच गिअर आपोआप निसटत असेल, तर गिअरपेटीतील दाते किंवा आधार झिजले आहेत. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं मागून येत असेल, तर डिफरन्शियलचा संशय घ्यावा. गाडी हलवताना खालून ‘ठक्’ असा आवाज येत असल्यास शाफ्टचे सांधे ढिले झाले आहेत.

मालवाहू गाडीत सांगाड्याची परीक्षा इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे. इंजिन बदलता येते; वाकलेला सांगाडा पुन्हा सरळ होणे कठीण. मागील पाट्यांच्या टेकूजवळ नव्या जोडणीचे डाग, भेगा किंवा जादा ठोकलेल्या पट्ट्या दिसल्या, तर गाडीने क्षमतेबाहेर ओझे वाहिले आहे, हे ओळखावे. समजा, गाडीची क्षमता १,२५० किलोग्रॅम आहे. भाताची ३० पोती म्हणजे १,२०० किलोग्रॅम, ती योग्य. ४५ पोती म्हणजे १,८०० किलोग्रॅम. ती सांगाडा, ब्रेक आणि टायर या तिघांच्याही मुळावर येतात.

त्रिभुज प्रदेशात आणखी एक दक्षता हवी. समुद्रालगतच्या भागातील खारी हवा लोखंड लवकर खाते. शिवाय डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाच्या वेळी त्रिभुज प्रदेशात जे घडले, तशा आपत्तींनंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. आसनाखालच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचेची आतली बाजू आणि तारांच्या जोडण्या पाहाव्यात. तेथे गाळाची बारीक रेघ किंवा हिरवट गंज दिसल्यास, किंमत कितीही आकर्षक असली तरी, ती गाडी सोडून द्यावी.

४. मोठे इंजिन बसवावे काय?

गाडी शेताच्या बांधावर अडकली, की मोठ्या इंजिनाचा सल्ला हमखास मिळतो. तो तपासून पाहण्यास थोडे गणित पुरे आहे.

इंजिन जो फिरवणारा जोर देते, त्यास अभियंते टॉर्क म्हणतात. मराठीत त्यास पीळ म्हणता येईल. समजा, एका पिकअपच्या इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४, मागच्या आसाचे ४.५, चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर आणि वाटेत दहा टक्के शक्ती घर्षणात जाते. मग चाकाच्या काठाशी मिळणारी ओढ अशी :

२०० × ४ × ४.५ × ०.९ ÷ ०.३५ = सुमारे ९,२५० न्यूटन.

आता गरज किती, ते पाहू. भरलेल्या गाडीचे वस्तुमान ३,००० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे २९,४०० न्यूटन. शेतातून रस्त्यावर चढणारा उतार दहास एक धरला, तर त्यासाठी २,९४० न्यूटन ओढ लागते. मऊ मातीत चाक रुतत चालते. तो विरोध वजनाच्या दहाव्या भागाइतका धरल्यास आणखी २,९४० न्यूटन. एकूण गरज ५,८८० न्यूटन. इंजिन देऊ शकते ९,२५०. म्हणजे इंजिनाची शक्ती मुळीच अपुरी नाही.

तरीही गाडी अडकते. याचे कारण चाकाखाली आहे. जमीन जेवढी पकड देते, तेवढीच ओढ चाकास लावता येते. त्याहून अधिक लावल्यास चाक जागीच फिरते. मागच्या चाकांवर २,००० किलोग्रॅमचा भार, म्हणजे १९,६०० न्यूटन आहे असे धरू. ओलसर चिकणमातीवर घर्षणगुणांक ०.३ असेल, तर पकड ५,८८० न्यूटन. म्हणजे गरजेइतकी, काठावर पास. पावसाची एक सर आली आणि गुणांक ०.२ वर उतरला, की पकड ३,९२० न्यूटन उरते व गाडी थांबते. अशा वेळी पीळ दुप्पट केला, तरी चाक अधिक वेगाने फिरून अधिक खोल रुतेल, एवढाच फरक पडेल.

त्यातही साध्या डिफरन्शियलची एक अडचण आहे. ते दोन्ही चाकांस सारखाच पीळ देते. एक चाक निसरड्या जागी असेल, तर कोरड्या जागेवरील चाकासही तेवढीच तुटपुंजी ओढ मिळते. डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय असल्यास ही अडचण दूर होते.

५. कोणता बदल उपयोगाचा?

चारही चाकांना शक्ती मिळाली, तर गाडीचे सगळे वजन पकडीस उपयोगी पडते. ०.२ गुणांकावर ती पकड २९,४०० × ०.२ = ५,८८० न्यूटन होते आणि वरील उदाहरणातील गाडी, जेमतेम का होईना, वर चढते. पण दोन चाकांच्या गाडीचे चार चाकांच्या चालनात रूपांतर करणे म्हणजे पुढचा आस, शक्ती वाटणारी पेटी, दोन्ही शाफ्ट व सुकाणूचे सांधे बदलणे होय. त्यापेक्षा कारखान्यातून तशीच आलेली गाडी शोधणे शहाणपणाचे.

मागच्या आसाचे गुणोत्तर ४.५ ऐवजी ४.९ केले, तर ओढ सुमारे नऊ टक्के वाढते. परंतु थेट गिअरमध्ये २,००० फेऱ्यांना जो वेग ताशी ५९ किलोमीटर होता, तो ५४ वर येतो आणि रस्त्यावरील डिझेलचा खर्च वाढू शकतो. निसर्ग फुकट काही देत नाही, हा नियम गिअरच्या दात्यांनाही लागू आहे.

इंजिनबदल नेहमीच अयोग्य असतो, असे मात्र नव्हे. १९८० मध्ये अँबॅसडर मोटार डिझेल इंजिनासह मिळू लागली. आणि टॅक्सीचालकांनी जुन्या पेट्रोल अँबॅसडरमध्येही डिझेल इंजिने बसवून घेतली. तेथे हेतू इंधनखर्च वाचवण्याचा होता, डिझेल तेव्हा पेट्रोलहून पुष्कळ स्वस्त होते आणि गाडी रोज दूरवर धावत होती. म्हणून हिशेब जुळला. पिकअपमध्ये जुने इंजिन पूर्ण झिजले असेल, तर त्याच जातीचे, चांगल्या अवस्थेतील इंजिन बसवणे हा सरळ मार्ग आहे. वेगळ्या जातीचे मोठे इंजिन आणले, की क्लच, गिअरपेटी, रेडिएटर आणि ब्रेक या सर्वांची क्षमता पुन्हा तपासावी लागते. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीशी तुटते.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ अधोरेखित केला. म्हणून इंजिनास हात लावण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाची संमती घ्यावी. अन्यथा अपघाताच्या वेळी विम्याचा आधारही डळमळतो. तसेच १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी उपकरणे व संगणकी नियंत्रण इंजिनाशी जखडलेले असते. त्यांत जुळवाजुळव करणे गावच्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

६. कागद आणि निर्णय

गाडीवर कोरलेले सांगाड्याचे व इंजिनाचे क्रमांक नोंदणीपत्राशी अक्षरशः ताडून पाहावेत. योग्यता प्रमाणपत्र, विमा, कर आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला पाहावा. एकाच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकीबदल कळवावयाचा असतो.

निर्णय घेताना गाडीने नेमके कोणते काम करावयाचे, हे आधी ठरवावे. त्रिभुज प्रदेशात ओल्या शेतात रबरी पट्ट्यांवर चालणारी कापणी यंत्रे उतरतात. रुंद पट्ट्यामुळे त्यांचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि ती रुतत नाहीत. शेतापासून बांधापर्यंतचे काम अशा यंत्राने किंवा ट्रॅक्टरने करावे आणि बांधापासून खरेदी केंद्रापर्यंतचे काम पिकअपने. अशी विभागणी केली, की मोठ्या इंजिनाची गरजच उरत नाही. सरळ सांगाडा, चांगले संपीडन आणि स्वच्छ कागद असलेली साधी गाडी पुरते. वाचलेला पैसा नव्या टायरांत आणि ब्रेकांत घालावा. पाऊस येण्याआधी पोती केंद्रावर पोहोचवण्यास तोच अधिक उपयोगी पडेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात गाडीवरील १० पोती उतरवली आणि मागच्या चाकांवरील भार १,६०० किलोग्रॅम झाला, तर गरज व पकड या दोहोंत काय फरक पडेल? दोन्ही गुणांक घेऊन हिशेब करा.

२. थंड इंजिन आणि तापलेले इंजिन यांच्या धुरात फरक का दिसतो?

३. आपल्या गावातील शेतमाल रस्त्यापर्यंत कसा येतो? त्या वाटेवर इंजिनाची शक्ती अपुरी पडते की चाकाची पकड, याचे निरीक्षण करा.