दुखरा स्नायू आणि अंतिम सामना

२४ मे २०१४ रोजी लिस्बन येथे युरोपातील चॅम्पियन्स लीग फुटबॉलचा अंतिम सामना होता. अ‍ॅटलेटिको माद्रिदचा आघाडीचा खेळाडू दिएगो कोस्टा याच्या मांडीच्या मागील स्नायूला आठवड्यापूर्वीच इजा झाली होती. तरीही त्याला उतरवले. नवव्या मिनिटाला तो बाहेर! तीन बदली खेळाडूंपैकी एक तेव्हाच खर्ची पडला. निर्धारित वेळेत १-१ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत अ‍ॅटलेटिकोकडे एकही बदल उरला नव्हता. दमलेला संघ रेआल माद्रिदकडून ४-१ असा हरला. केवळ त्यामुळेच हरला असे मी म्हणणार नाही, पण किंमत मोजावी लागलीच.

फाटलेले स्नायुतंतू भरून यायला वेळ लागतो. दुखणे आधी थांबते, ताकद मागाहून येते. मधल्या काळात जोरात धावले की तोच स्नायू पुन्हा फाटतो. "डॉक्टर, आता दुखत नाही," हे कबड्डी खेळणाऱ्या पोरांचे वाक्य म्हणूनच फसवे असते.

स्वीडनचे डॉ. यान एकस्ट्रँड व त्यांचे सहकारी यांनी २००१ पासून युरोपीय संघांच्या दुखापतींची नोंद ठेवली. दुखापती कमी झाल्या त्या मोसमात संघाची कामगिरी सरस, असे ११ वर्षांच्या नोंदींत दिसले. २०१९ च्या अभ्यासात, जेथे डॉक्टर व मुख्य प्रशिक्षक यांच्यात नीट बोलणे होत नाही तेथे दुखापतींचा भार अधिक आढळला. तेव्हा नुसता निष्णात डॉक्टर नेमून भागत नाही. "हा अजून आठवडाभर खेळणार नाही," हे त्याचे म्हणणे प्रशिक्षकाने ऐकायलाही हवे.