फिल्टर का भरला, ते आधी शोध

सातारा, रविवार

चि. बाळास,


फोनवर तू घाईत होतास आणि मागे कंप्रेसर चालू होता. निम्मं बोलणं त्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या हळदीच्या व्यापाऱ्याची २०२० सालची सेकंडहँड डिझेल गाडी. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा तू दोनदा स्कॅनरने घालवलास, तिसऱ्यांदा तो पेटला, पिकअप गेला आणि आता मालक म्हणतोय, ‘काढूनच टाका ती भानगड.’ काढू नकोस. आणि दिवाही पुन्हा घालवू नकोस. फिल्टर भरलाय हे सांगायला मिस्त्री लागत नाही, डॅशबोर्ड सांगतो. तो का भरला हे सांगायला मिस्त्री लागतो, आणि पैसे त्याचेच घ्यायचे असतात.

डिझेल आपल्या भागाला नवं नाही. सातारा रोडला कूपरांच्या कारखान्यात स्वातंत्र्याआधीच डिझेल इंजिनं बनत होती. नवा आहे तो हा फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, आणि घरगुती डिझेल गाड्यांत डीपीएफ सर्रास दिसू लागला. त्याआधीच्या बीएस-४ गाड्यांत, थोड्या महागड्या परदेशी गाड्या सोडल्या तर, तो नसतोच. म्हणून कुणी २०१७ ची गाडी आणून ‘डीपीएफ चोक झालाय’ म्हणाला, तर आधी काचेवरचा स्टिकर बघ. नारिंगी स्टिकर डिझेलचा, त्यावर हिरवी पट्टी असेल तर बीएस-६. आता २०२० च्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जायला लागल्यात. हे काम यापुढे तुझ्याकडे वाढतच जाणार.

पहिलं काम तोंडाचं. मालकाला चहा दे आणि विचार, गाडी रोज कुठे जाते? तो सांगेल, सांगलीतच, विश्रामबाग ते मार्केट यार्ड, यार्ड ते घर. गळीत हंगामात त्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं. फिल्टरच्या जाळीत अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्याला फिल्टरमध्ये साधारण सहाशे डिग्री तापमान लागतं आणि सलग पंधरा-वीस मिनिटं पळावं लागतं. यांची गाडी तापायच्या आत घर येतं. रिजन, म्हणजे हे जाळणं, सुरू होतं, चावी बंद होते, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद. गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात फिरत राहतो का, जळका वास येतो का, आयडल मधेच वाढतो का, हेही विचार. ‘हो, बरेचदा’ म्हणाले तर रिजन अर्धवट तुटतंय, हे स्कॅनर लावायच्या आत कळलं.

दुसरं, डिपस्टिक काढ. रिजनच्या वेळी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं आणि अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनमध्ये त्यातलं थोडं खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल, बोटाला पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑईल आणि ऑईल फिल्टर बदल. तसल्या ऑईलवर स्कॅनरने फोर्स रिजन लावलं आणि इंजिनने स्वतःचंच ऑईल ओढायला सुरुवात केली, तर चावी काढूनही ते थांबत नाही.

आता स्कॅनर. कोड पुसायच्या आधी वहीत उतरवून घे. पी२४६३ म्हणजे काजळी जास्त झाली. पी२४२एफ म्हणजे राख साठली. पी२४५२ ते पी२४५५ पर्यंतचे कोड प्रेशर सेन्सरबद्दल बोलतात, फिल्टरबद्दल नव्हे. आणि स्क्रीनवर ‘सूट लोड’चे, म्हणजे काजळीचे, जे ग्रॅम दिसतात त्यांच्यावर फार जाऊ नकोस. तो आकडा काही मोजून आणि बराचसा हिशेबाने काढलेला असतो.

खरं बोलतो तो डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक. चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा तो शून्य हवा. इंजिन बंद असताना पंधरा मिलीबार दाखवत असेल तर सेन्सर खोटा आहे, फिल्टर नंतर बघू. मग इंजिन नीट तापवून आयडलला बघ, नंतर अडीच-तीन हजार आरपीएमला. लहान गाड्यांत आयडलला साधारण दहा-वीस मिलीबारच्या आत असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा धर. आरपीएम वाढवल्यावर आकडा उसळून वर जातो आणि तिथेच राहतो, तर फिल्टर खरंच भरलाय. आरपीएम वाढूनही आकडा हलत नाही, तर सेन्सरच्या दोन होजकडे जा. पुढच्या बाजूची होज भाजून चिरते, आत ओल आणि काजळी बसून चोंदते, किंवा आधीच्या कुणीतरी दोन्ही उलट्या लावलेल्या असतात, मग आकडा उणे येतो. होजमध्ये हवा मारताना सेन्सरकडचं टोक आधी सोडव, नाहीतर आतला पडदा जाईल. एवढं करूनही शंका राहिली तर फिल्टरच्या आधीचा टेम्परेचर सेन्सर काढून त्या भोकात साधा प्रेशर गेज बसव. काट्याला सॉफ्टवेअर नसतं.

सायलेन्सरच्या शेपटीत पांढरं फडकं फिरवायला विसरू नकोस. फिल्टर धड असेल तर फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. काळं ठिक्कर निघालं, तर आतली जाळी तडकलीय किंवा आधीच्या मालकाने फिल्टर पोकळ करून घेतलाय. सेकंडहँड गाडीत हे आधी बघावं.

फिल्टर भरलेला निघाला, तरी मूळ चूक बहुधा दुसरीकडे सापडते. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, इंटरकूलरची होज फाटलेली, इंजेक्टर गळका. यातून काजळीच जास्त येते. थर्मोस्टॅट उघडा राहिला तर पाणी तापत नाही आणि कंप्युटर रिजनला परवानगीच देत नाही. टाकीत डिझेल कमी असेल तरी अनेक गाड्यांत रिजन होत नाही, आणि पाचशेचं डिझेल टाकून फिरणारे आपल्याकडे किती आहेत ते तुला माहीतच आहे.

हे सगळं निस्तरल्यावरच जाळायचं बघ. भार मध्यम असेल तर मिरजेवरून सोलापूरचा रस्ता धर, कवठेमहांकाळ ओलांडून नागज फाट्यापर्यंत चौथ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजारांवर ने आणि आण.  फोर्स रिजन करायचं तर गाडी उघड्यावर घे, खाली पाचट-गवत नको, शेजारी मूल नको. राख मात्र कशानेच जळत नाही. चुलीत लाकूड जळतं, राख उपसावीच लागते, तसं तो फिल्टर उतरवून यंत्रावर साफ करून घ्यावा लागतो. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पाइपाने धुवायचा नाही. आणि ऑईल कमी राखेचंच, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३, जे मॅन्युअल म्हणेल ते. स्वस्त ऑईलची राख याच जाळीत बसते.

काढून टाकण्याबद्दल एवढंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार चालत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये आहे, कैदही होऊ शकते. पण मला दंडापेक्षा धुराचं वाटतं. तुझ्या गॅरेजसमोर शाळेची रिक्षा थांबते.

उद्या सकाळी चावी-ऑनचा, आयडलचा आणि तीन हजारचा, असे तीन आकडे आणि डिपस्टिकचा फोटो मला पाठव. तोवर फोर्स रिजन लावू नकोस आणि मालकाला खर्चाचा आकडा सांगू नकोस.

तुझा,
मामा