आधी त्यांची भीती बोल

अगं, काल फोनवर तुझा आवाज चढला होता. ‘ताई, आपल्या कुकडी नदीच्या काठाला जगभरातले अभ्यासक ओळखतात आणि गावात कुणाला पडलेली नाही,’ म्हणालीस. हेच वाक्य ग्रामसभेत टाकलंस तर माणसं मनानं तिथूनच उठतील. स्वतःवरचा ठपका ऐकून कुणी हात वर करत नाही.

माझंच सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा ग्रामसभेत उभी राहिले ती चार पानं घेऊन. मान खाली घालून वाचत सुटले. दुसऱ्या पानाला मागं कांद्याच्या भावाची कुजबुज सुरू झाली. रात्री सासूबाई म्हणाल्या, ‘तुला नक्की काय हवंय तेच कळलं नाही गं.’ म्हणून म्हणते, आधी तुझं मागणं एका वाक्यात बसव. नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर जिथं उघडा दिसतो तिथली माती कुणी काढू नये आणि तिथं एक फलक लावावा. बास.

आता समोरच्यांचा विचार कर. आपल्या बोरी गावातल्या शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका येणार ती रानाची. सरकारी माणसं आली की जमीन अडकेल, विहीर खोदायची तरी परवानगी काढावी लागेल. ही भीती त्यांनी बोलायच्या आधी तू बोल. ‘माझ्या घरच्यांनाही हीच धास्ती आहे,’ म्हण, कारण ते खरंच आहे. पण ‘कुणाचं काही जाणार नाही’ असं छातीठोक सांगू नकोस. ते तुझ्या हातात नाही. आपण आज ठरावात काय लिहितोय, तेवढंच वाचून दाखव.

मग राखेची गोष्ट. ओतूरला कीर्तन ऐकतेस ना? बुवा नुसता अर्थ सांगून थांबत नाहीत, दृष्टान्त देतात, आणि तो घरातला, शिवारातला असतो. तूही ओघळीत वाहून आलेली चिमूटभर राख वाटीत ने. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तळहातावर ठेव. त्यांनी बोटानं चोळली की मग सांग, ही इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरहून लांबून आपल्या नदीकाठी येऊन बसलेली. आणि आदिमानवाची दगडी हत्यारंही याच काठावर सापडलीत.

इथं एक मोह होईल, तो आवर. राखेचं वय 1989 मध्ये सुमारे 14 लाख वर्षं सांगितलं गेलं, 1995 मध्ये 6 लाख 70 हजार, आणि 1998 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात 75 हजार. टाळ्या पडतील म्हणून 14 लाख पकडू नकोस. तिन्ही आकडे सांग, वाद आहे म्हण, आणि वाद मिटवायचा तर थर जागेवर राहायला हवा, हेही सांग. तोच तुझा सगळ्यात बळकट मुद्दा आहे. मोठा आकडा फेकलास आणि एखाद्या शिकल्या पोरानं मोबाईलवर बघून खोडला, की तुझं खरंही खोटं ठरेल. बोलणाऱ्यावरचा भरवसा हेच मन वळवायचं जवळजवळ सगळ्यात मोठं साधन, असं अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय. आपल्या आईला ते न वाचताच ठाऊक होतं. ती उसनं मागतानाही परत कधी देणार ते आधी सांगायची.

अर्ज एका पानाचा कर. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे नको. विषयाच्या ओळीतच मागणं येऊ दे. सभेच्या आधी ग्रामपंचायतीत दे आणि पोच घे. विरोध करतील असं वाटतं त्यांच्या घरी आदल्या दिवशी जाऊन ये. चारचौघांत एकदा ‘नाही’ म्हटलं की माणसाला मागं फिरणं जड जातं.

आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा असते, ती चुकवू नकोस. तिथं पहिल्यांदा बोल. बायकांनी ठराव उचलून धरला, तर मोठ्या सभेत तू एकटी उभी नसशील. अर्ज आज रात्रीच लिहायला बस, आणि लिहून झाला की मला फोनवर वाचून दाखव.