ताडोब्याच्या सहलीचे गणित

आपल्या फाट्यावरून तीन दिशांना रस्ते फुटतात. एक सेलूला, एक मंठ्यावरून जालन्याला आणि एक जिंतूरला. यातला जिंतूरचा रस्ता धरून आपण पूर्वेला जातच राहिलो तर शेवटी वाघापर्यंत पोचतो. हे मला नकाशा वाचनाच्या तासाला कळले. गुरुजींनी सांगितले होते की सुट्टीत जायच्या एका ठिकाणाचा प्रवास नकाशावर आखून आणा. मी ताडोबा घेतले. आमच्या घरी मामा जीप घेऊन येणार होते, म्हणून नुसता अभ्यास न करता खरोखरच जायचे ठरले. पण माझा पहिला बेत तीन ठिकाणी चुकला. त्या चुका आधी सांगते.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. मराठवाड्यात एकही नाही. ताडोबा सगळ्यांत जुने, ते १९५५ साली झाले. त्याला लागून अंधारी नदीचे अभयारण्य १९८६ साली झाले, आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा हे नाव तारू या आदिवासींच्या देवावरून पडले असे म्हणतात. तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला आणि तलावाच्या काठी लोकांनी त्याचे ठाणे केले, अशी कथा आहे. (अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक काय, असे मी विचारले होते. गुरुजी म्हणाले, अभयारण्यात गावकऱ्यांचे काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायलाही मनाई असते.)

आता नकाशा. माझ्या नकाशाचे प्रमाण १ सेंमी = २० किमी आहे. पट्टी ठेवली तर आपला फाटा ते मोहुर्ली, म्हणजे ताडोब्याचे एक प्रवेशद्वार, हे अंतर १५ सेंमी भरले. १५ × २० = ३०० किमी. मी खुशीत तेच लिहून दिले. गुरुजींनी वहीवर लाल शाईने लिहिले, “जीप उडत जाणार आहे काय?” ही पहिली चूक. मग मी शिवणाचा दोरा ओला करून रस्त्याच्या वळणावळणाने बसवला. जिंतूर, औंढा नागनाथ, हिंगोली, पुसद, यवतमाळ, वणी, चंद्रपूर, मोहुर्ली. दोरा २२ सेंमी भरला, म्हणजे सुमारे ४४० किमी. पावणेदोनशे किमीच्या आत-बाहेर फसगत झाली असती असे नाही, पण १४० किमी म्हणजे तीन तास, आणि तीन तास म्हणजे मे महिन्यात फार.

मामा म्हणाले, थांबत थांबत जायचे तर ताशी ४५ किमी धर. ४४० भागिले ४५ म्हणजे पावणेदहा तास. चहा-जेवणाचे दोन तास धरून पहाटे पाचला निघालो तर संध्याकाळी पावणेपाचला पोचू. मी बेत लिहिला आणि घरी वाचून दाखवला. आजी म्हणाली, “आन् दुपारी बारा ते चार कुठं असू आपण?” मी हिशेब केला. यवतमाळ ते चंद्रपूर या रस्त्यावर. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. आजी पुढे काही बोललीच नाही. आईने मला बाजूला घेऊन सांगितले की एका वैशाखात रानात धसकटं वेचताना आजीला ऊन लागले होते, ती बेशुद्ध पडली होती आणि तिला बाजेवर घालून आणावे लागले होते. तेव्हापासून ती दुपारी उंबऱ्याबाहेर पडत नाही. माझी बहीण अवघी चार वर्षांची आहे. मी सगळे अंतर मोजले होते, पण जीपमध्ये कोण बसणार ते मोजलेच नव्हते. बाबा म्हणाले, आजीला घरी ठेवून जाऊ. मला ते पटले नाही, कारण औंढ्याचे दर्शन वाटेवरच आहे आणि ती किती दिवस म्हणत होती.

म्हणून दुसरा बेत केला. पहाटे तीनला निघायचे. औंढ्याला दर्शन, पुढे वाटेत चहा, आणि साडेनऊच्या आत यवतमाळला मावशीकडे. दिवसभर तिथेच. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून पावणेनऊपर्यंत मोहुर्ली. एक दिवस वाढला, पण दुपारची एकही वाट उरली नाही.

यात भूगोलाची एक गंमत आहे. आपला फाटा आणि चंद्रपूर साधारण एकाच अक्षांशाच्या पट्ट्यात आहेत, म्हणून आपण जवळजवळ सरळ पूर्वेला जातो. रेखांशात पावणेतीन अंशांहून थोडा जास्त फरक आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे तिकडे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे ११ मिनिटे आधी उगवतो. आणि सकाळी पूर्वेला जाताना तो थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. परत येताना संध्याकाळी पुन्हा समोर! मामांनी समोरची काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसायला लावली आहे, कारण उन्हात धुरकट काचेतून काही दिसत नाही. अंधारात मात्र दिवा नसलेल्या ट्रॉल्यांची भीती असते, म्हणून तीन ते साडेपाच हळूच चालवायचे ठरले.

मामांकडून आणखी काही शिकले. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची, कारण तापल्यावर हवा फुगते आणि माप चुकते. इंजिन तापले तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नाही, उकळते पाणी अंगावर उडते. स्टेपनीत हवा आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी पाहायचे, वाटेत नव्हे.

पाणी माणशी ४ लिटर धरले. सहा माणसे, २४ लिटर. कॅनला ओले गोणपाट गुंडाळायचे. गोणपाटातले पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार राहते. आपल्या वर्गातला माठ याच कारणाने गार असतो. शिवाय एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चमचे लहान, चहाचे. हे पाणी उलटी-जुलाबात देतात, उन्हाने थकवा आला तरी घोट घोट द्यावे. पण माणूस बरळू लागला, अंग तापून भणभणले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारायचे आणि सरळ दवाखाना गाठायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. आजीच्या वेळी तसे घातले होते म्हणे.

तिसरी चूक वाराची. मी जंगलाचा दिवस मंगळवार धरला होता. ताडोबा मंगळवारी बंद असते! पावसाळ्यातही जुलैपासून सप्टेंबरअखेर आतला भाग बंद असतो. शनिवार-रविवारी फी जास्त पडते. म्हणून आता मंगळवारी निघायचे, बुधवारी पोचायचे आणि गुरुवारी पहाटे जंगलात जायचे. आपली जीप आत नेता येत नाही. तिथलीच उघडी जिप्सी घ्यावी लागते, तीत सहाच प्रवासी, शिवाय वाटाड्या. जागा आधी आरक्षित कराव्या लागतात आणि त्यासाठी दिलेले ओळखपत्रच सोबत न्यावे लागते. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. आजी म्हणाली, “हाडं खिळखिळी करायला मी न्हाई येत.” मग बहिणीला सांभाळायला आई थांबणार असे सगळ्यांनी धरूनच चालले. मी म्हणाले, “आई का?” सगळे गप्प झाले. मामा म्हणाले, मी दोन दिवस गाडी चालवलेली असेल, मला झोपच पाहिजे. धाकटीला आजीजवळ आणि माझ्याजवळ ठेवा. आता आई येणार आहे.

डिझेलचा हिशेब असा : जाऊन-येऊन ८८० आणि इकडे-तिकडे २०, एकूण ९०० किमी. जीप लिटरला १२ जाते, म्हणजे ७५ लिटर. भाव ९० रुपये धरला तर ६७५० रुपये. दोन वेळा जंगलात जायचे म्हणत होतो, ते एकदाच केले.

एवढ्या उन्हात जायचेच कशाला, असे बाबांनी विचारले होते. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, लांबचे दिसते. नाले आटतात, थोडेच पाणवठे उरतात आणि सगळ्या जनावरांना तिथे यावे लागते. वाघही दुपारी पाण्यात बसतो. वाघ दिसेलच असे मात्र कोणी सांगू शकत नाही.

पण वाघ आपल्याकडेही येऊन गेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा बांधला होता. तो पावसाळ्यात निघाला. यवतमाळ, तेलंगणातले आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा फिरत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोपर्यंत तो सुमारे १३०० किमी चालला होता. जास्त करून रात्री चालायचा, दिवसा नाल्याकाठी झुडपात पडून राहायचा. शेतांतून, रस्ते ओलांडून गेला. आजीला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “बघ, त्यालाबी कळतं दुपारी निघू नये.”

आम्हाला मृगाच्या आत परत यायचे आहे, कारण पेरणीची तयारी राहिली आहे. पुसदहून यवतमाळला दिग्रस-दारव्ह्यावरून जावे की आर्णीवरून, हे अजून ठरले नाही. यंदा त्या रस्त्याने गेलेले कोणी पालक असतील तर कोणता रस्ता चांगला ते सातवीच्या वर्गात सांगावे. शेजारी नकाशा लावला आहे. त्यावरचा दोरा कृपया काढू नये, तो डिंकाने चिकटवला आहे.