स्वस्तात मिळालेली फोर-बाय-फोर बुलढाण्यात केवढ्याला पडते?

मागच्या उन्हाळ्यात चिखलीतल्या एका गॅरेजात पांढरी फॉर्च्युनर उभी होती. बोनेट वर, बंपर काढून भिंतीला टेकवलेला, जाळीत रोहीचे राखाडी केस अडकलेले. साडेसात लाखांत मिळाली, असं मालक दोनदा सांगून गेला होता. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "भाऊ, गाडी सस्ती भेटली तुमाले. पुर्जे कोण सस्ते देते?"

जुनी फॉर्च्युनर, पजेरो, एंडेव्हर, ऑडी क्यू-सेव्हन किंवा प्राडो घ्यायचा विचार असेल, किंवा ती आधीच दारात उभी असेल, तर खालचे आकडे वहीत उतरवून घ्या. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. सुट्या भागांची उतरत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

आधी आरसी बघा, मग रंग

आरसीवर तीन गोष्टी बघा: नोंदणीची मुदत कधी संपते, इंधन कोणतं, आणि गाडी आयात केलेली आहे का. तिसरी गोष्ट फार थोडे लोक बघतात आणि सगळ्यात मोठा फटका तिथेच बसतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. फॉर्च्युनर भारतात २००९ मध्ये आली, म्हणजे पहिल्या खेपेच्या गाड्यांची मुदत २०२४ मध्येच संपली. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, पूर्वी ६०० होती. आयात केलेल्या गाडीला हीच फी ४०,००० रुपये. गाडी २० वर्षांच्या पुढे गेली की ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे देशी गाडीला १०,००० आणि आयात गाडीला ८०,००० रुपये. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, डिझेल गाडीला पाच वर्षांसाठी ३,५००. स्मार्ट कार्डचे २०० धरा. म्हणजे १५ वर्षांच्या देशी डिझेल गाडीला ८,७०० रुपये आणि त्याच वयाच्या आयात प्राडोला ४३,७००. गाडीच्या तपासणीचं शुल्क वेगळं.

मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी नमुना २५ भरता येतो. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. "राहू द्या, कोण विचारतं" म्हणून ढकलू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चोरीच्या दाव्यात स्पष्ट सांगितलं, की वैध नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्या मालकाची तात्पुरती नोंदणी संपलेली होती, बाकी विमा चालू होता.

दिल्ली-हरियाणाकडची डिझेल गाडी इथल्यापेक्षा दोन-तीन लाखांनी स्वस्त सांगतात. तिच्यासाठी नमुना २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा वाहन कर भरावा लागतो. तो तुम्ही मोजलेल्या किमतीवर बसत नाही. मूळ बिलाची किंमत धरतात आणि वयाप्रमाणे सूट देतात. एजंटच्या तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका. बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात मूळ बिलाची प्रत दाखवून कर किती बसेल ते विचारा आणि मगच इसार द्या.

राज्यातलीच गाडी असेल तर काम सोपं: नमुना २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट हवी. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. त्याहून जास्त मागणारी वेबसाइट बनावट समजा. परिवहन विभागाच्या पोर्टलवरूनच जा. सरकारी पावती जेवढ्याची, तेवढीच सरकारी फी, बाकीची एजंटची. ती द्यायला हरकत नाही, पण दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा.

आणि तुम्ही विकणारे असाल तर नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नका. आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्यावर. हेही सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ मध्ये ठरवून टाकलं आहे.

विमा: हप्ता कमी दिसला की आयडीव्ही बघा

१,५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दराने ७,८९७ रुपये, वर जीएसटी १८ टक्के. या वर्गातल्या जवळपास सगळ्या गाड्या यातच येतात. नुसता एवढाच विमा घेतला तर ९,३१८ रुपयांत काम भागतं. पण रोही आडवी आली, गाडी राजूर घाटात कठड्याला घासली किंवा चोरीला गेली, तर एक रुपया मिळत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या विमा किमतीवर बसतो. पाच वर्षांपर्यंत ही किंमत ठरलेल्या तक्त्याने उतरते. पुढे ती तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. "संमती" हा शब्द नीट वाचा. एजंट हप्ता कमी दाखवण्यासाठी आयडीव्ही पाडतो. आठ लाखांच्या गाडीची चार लाख लावतो आणि तुम्ही खूश होता.

हिशोब बघा. आठ लाख आयडीव्ही, दहा वर्षांवरची गाडी, बुलढाण्याची नोंदणी. जुन्या दरपत्रकाप्रमाणे दर ३.५९४ टक्के, म्हणजे २८,७५२ रुपये. पन्नास टक्के नो क्लेम बोनस असेल तर १४,३७६. त्यात थर्ड पार्टीचे ७,८९७ आणि १८ टक्के जीएसटी मिळवला की २६,२८२ रुपये. कंपन्या या दरावर स्वतःची सूट देतात, म्हणून तुमचं कोटेशन याहून कमी यायला हवं. जास्त आलं तर कारण विचारा. पुणे-मुंबईच्या नोंदणीला दर थोडा जास्त आहे, एवढा एक फायदा एमएच-२८ चा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा यात धरलेला नाही. तो आधीच कुठे असेल तर पुन्हा घेऊ नका, तसं लिहून द्या.

आयडीव्ही का पाडू नये? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी संपूर्ण नुकसानीत काढते. चार लाख लावले असतील तर तीन लाखांच्या बिलालाच गाडी गेली. एअरबॅग उघडल्या, दोन्ही हेडलॅम्प आणि रेडिएटर फुटला, तर जुन्या जर्मन गाडीत तीन लाख व्हायला वेळ लागत नाही. मग तुमच्या हातात चार लाखांतून वजावट होऊन उरेल तेवढं, आणि तशी गाडी बाजारात आठ लाखांना.

आता घसारा. दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ५० टक्के कापतात. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर कोणत्याही वयात ५० टक्के. काचेवर शून्य. मजुरी पूर्ण मिळते. समजा रोहीच्या धडकेत भाग १,४०,०००, मजुरी २५,०००, रंगकाम १६,००० रुपये, एकूण १,८१,००० रुपये. कंपनी भागांचे ७०,००० आणि मजुरी पूर्ण देईल, रंगातून २,००० कापेल आणि सक्तीची वजावट म्हणून आणखी २,००० काढेल. हाती १,०७,०००. खिशातून ७४,०००. "फुल इन्शुरन्स आहे" म्हणणाऱ्याला हा आकडा एकदा ऐकवा.

घसारा न कापणारं झिरो डेप हे जोडकलम बहुतेक कंपन्या पाच-सात वर्षांपलीकडे देत नाहीत, काही थोड्या पुढेही देतात. मिळालं तर घ्या. इंजिन संरक्षण मात्र नक्की घ्या. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे पूर आला होता. अशा पाण्यात गाडी बंद पडली की लोक पुन्हा चावी फिरवतात, सिलिंडरमध्ये पाणी जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायचीच नाही, ढकलून किंवा उचलून काढायची.

दावा फेटाळला जाण्याची आपल्याकडची नेहमीची कारणं अशी. लग्नसराईत नवरदेवासाठी किंवा निवडणुकीत प्रचारासाठी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं. कंपनीला न कळवता रुंद टायर, उंच सस्पेन्शन किंवा लोखंडी बुलबार बसवणं. बुलबार तर बेकायदाच आहे. आणि खोटा नो क्लेम बोनस. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. सेकंडहँड गाडीसोबत तो तुमच्याकडे येत नाही. खरेदीनंतर १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करा आणि बोनसचा फरक भरा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतं, स्वतःच्या गाडीचं संरक्षण येत नाही.

पॉलिसी संपून ९० दिवस झाले की साठवलेला बोनस शून्य होतो. वरच्या हिशोबात ते १४,३७६ रुपये आहेत. एक दिवसही खंड पडला तर पुन्हा गाडीची पाहणी, आणि जुन्या गाडीचं कोटेशन मिळवण्यात आठवडा जातो. मोबाइलवर नकार आला तर हताश होऊ नका. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांच्या शाखेत गाडी घेऊन जा आणि पाहणी करायला सांगा.

देखभाल: कुठे पैसा टाकायचा, कुठे नाही

नियमित ऑइल सर्व्हिससाठी बाहेर जायची गरज नाही. खामगाव, चिखली, मलकापूरला चांगले डिझेल मिस्त्री आहेत. गिअरबॉक्सचे इलेक्ट्रॉनिक्स, एअर सस्पेन्शन, एअरबॅगचा दिवा यांसाठी मात्र छत्रपती संभाजीनगर, अकोला किंवा नागपूर गाठावं लागतं. स्कॅनर लावूनही मिस्त्री "बघू, काढून बघू" म्हणाला तर गाडी तिथून काढा.

जुन्या तीन लिटरच्या फॉर्च्युनरचा टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, डॅशवर त्याचा दिवा लागतो. दिवा रीसेट करून गाडी विकणारे खूप आहेत. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं समजा. बदलायला काही हजार लागतात. चालत्या गाडीत तुटला तर इंजिन उघडावं लागतं. इंजिनात सुमारे सात लिटर ऑइल बसतं. पाच लिटरच्या एका कॅनवर "सर्व्हिस झाली" असं बिल आलं तर उरलेल्या दोन लिटरचं विचारा.

फोर-व्हीलचा लिव्हर महिन्यातून एकदा तरी सैल मातीवर टाका, डांबरावर नाही. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर नेमका काळ्या मातीत फसल्यावर अडकतो. ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बहुतेक गॅरेज विसरतात, कारण मालक विचारत नाही. पावसाळ्यात शेतातून आल्यावर खालची माती त्याच दिवशी धुवा, चाकाच्या आतली तर नक्कीच. ब्रेक कॅलिपर त्यानेच जाम होतात.

जर्मन गाडीत एअर सस्पेन्शन असेल तर सकाळी ती एका बाजूला बसलेली दिसते का बघा. रबरी फुगे जीर्ण होतात, ही झीज आहे आणि झिजेला विमा नाही.

समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो आणि तिथे वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा वर्षांचे टायर घालून त्यावर चढू नका. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर बदला. नेहमीच्या २६५ मापाचा चांगला टायर १२ ते १८ हजारांचा धरा, गुणिले चार. फक्त दोनच बदलायचा मोह कायम फोर-व्हीलवर चालणाऱ्या गाडीत महागात पडतो, वेगळ्या जाडीच्या टायरने सेंटर डिफरन्शियलवर ताण येतो.

अशी कायम फोर-व्हील गाडी बंद पडली तर पुढची दोन चाकं उचलून ओढायला देऊ नका. फ्लॅटबेडच मागवा. साध्या पॉलिसीत टोइंगचे जास्तीत जास्त १,५०० रुपये मिळतात, तेही अपघातात गाडी बंद पडली तरच. मेहकरहून संभाजीनगरपर्यंत ट्रक मागवलात तर ते डिझेललाही पुरत नाहीत. रोडसाइड असिस्टन्स घेताना "किती किलोमीटर" एवढा एकच प्रश्न विचारा.

बिलात जीएसटी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के आहे. अजून २८ लावलेलं दिसलं तर बिल परत करा. बदललेले जुने भाग डिकीत मागून घ्या, ते तुमचे आहेत.

अपघात झाला तर

गाडी हलवण्याआधी फोटो, लगेच कंपनीला फोन. ५०,००० रुपयांवरच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतो, तो येण्याआधी गॅरेजला काम सुरू करू देऊ नका. ज्ञानगंगा अभयारण्याच्या रस्त्यावर वन्य प्राणी धडकला तर वन विभागालाही कळवा. जनावर गाडीत टाकून कुठे नेऊ नका, त्याने वेगळाच गुन्हा ओढवतो.

दावा अडला तर क्रम असा: कंपनीचा तक्रार अधिकारी, मग १५५२५५ वर किंवा विमा भरोसा पोर्टलवर नोंद, मग विमा लोकपाल. लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो, फी नाही. गॅरेजविरुद्ध १९१५ वर फोन करा, किंवा बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार टाका. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. बिलं आणि पावत्या मात्र लागतात, म्हणून आजपासून एक फाइल करा आणि ती गाडीत नव्हे, घरात ठेवा.