भित्र्या कुत्र्यास धीट करण्याची रीत

मळ्याच्या राखणीसाठी कुत्रा पाळणे ही आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील सर्वसाधारण रीत आहे. तापीकाठच्या केळी-पपईच्या बागा, शहादे-तळोद्याकडील उसाचे फड, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी किंवा सातपुड्यातील अक्राणी-अक्कलकुव्याकडील विरळ वस्त्या, कोठेही जा, दाराशी एखादा कुत्रा असतोच. बैलाची पारख, म्हशीचे दूध व बियाण्याचा वाण यांविषयी आपण जितका विचार करतो, त्याचा शतांशही विचार या राखणदाराविषयी करीत नाही. त्यातून कुत्रा भित्रा निघाला, तर त्यावर दोनच उपाय ठरलेले असतात: साखळीस बांधून त्यास ‘तिखट’ करावयाचे, अथवा दूर नेऊन सोडून द्यावयाचे. हे दोन्ही उपाय चुकीचे असून त्यांपैकी पहिला तर घरच्याच माणसांस धोक्याचा आहे, हे आम्ही या लेखात दाखविणार आहोत. तसेच भित्रा कुत्रा शिक्षणाने, विशेषतः चार कुत्र्यांच्या संगतीत वर्गात दिलेल्या शिक्षणाने, कसा सुधारतो याची रीतही येथे देत आहोत.

भित्रा कुत्रा आणि चावरा कुत्रा

भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे आपण म्हणतो. ही म्हण भित्र्या कुत्र्यास लागू पडत नाही. तो भुंकतो ते समोरची वस्तू दूर जावी म्हणून; ती दूर गेली नाही तर तो पळतो; आणि पळावयास वाट नसेल तर चावतो. साखळीने बांधलेल्या कुत्र्याची पळावयाची वाट आपणच बंद केलेली असते, सबब त्याच्याजवळ दात एवढाच उपाय उरतो. असा कुत्रा चोरावर धावून जाईल ही आपली समजूत असते; परंतु चोर त्याच्या साखळीच्या टप्प्यात येत नाही. टप्प्यात येते ते पाहुण्यांचे मूल, गडी किंवा भाकरी घेऊन आलेली म्हातारी.

ही गोष्ट किती गंभीर आहे हे सांगावयास नको. पिसाळ रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असून, त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या हिंदुस्थानात होतात. रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की त्यावर खात्रीचे औषध नाही. यास्तव कुत्र्यास तिसऱ्या महिन्यात व पुढे दरवर्षी लस टोचून घेणे हा शिक्षणाचा पहिला धडा समजावा. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना अथवा मिरची जखमेस लावण्यात वेळ दवडू नये.

भीती कशाने बसते

कुत्र्याचा भित्रेपणा तीन मार्गांनी येतो. काही पिल्ले उपजतच बुजरी असतात. काहींची वाढ चुकीची होते. अमेरिकेतील बार हार्बर येथील संशोधकांनी १९६१ साली पिल्लांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी काही पिल्ले कुंपण घातलेल्या रानात माणसाच्या सहवासावाचून वाढविली व वेगवेगळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणली. लहान वयात आणलेली पिल्ले लवकरच माणसाळली. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांनी माणूस जवळून पाहिलाच नव्हता, ती मात्र बुजरीच राहिली. म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या स्वभावाची पेरणी होय. ही वाफ चुकली तर पुढे कितीही पाणी दिले तरी पीक उणेच राहते. एकाकी मळ्यावर वाढलेले पिल्लू बाजारपेठ, मोटार किंवा लहान मुले पाहून थरथरते याचे कारण हेच.

तिसरा मार्ग म्हणजे एखाद्या दिवसाचा जबर धसका. रशियातील शास्त्रज्ञ पाव्हलव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री १९२४ सालच्या सप्टेंबरात लेनिनग्राडला आलेल्या महापुरात सापडली. पिंजऱ्यांत पाणी चढले असता त्यांना मोठ्या प्रयासाने बाहेर काढावे लागले. पुढे त्यांतील काही कुत्री पूर्वी पक्के शिकलेले विसरून गेल्याचे दिसून आले, आणि त्यांतल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली तरी त्याची भीती पुन्हा उफाळून येई. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. भीती एका दिवसात बसू शकते. आणि निवळलेली भीती थोड्याशा निमित्ताने परत येऊ शकते. सबब भित्र्या कुत्र्याच्या शिक्षणात घाई व जबरदस्ती यांस जागा नाही.

आणखी एक सूचना येथेच करून ठेवतो. आजवर धीट असलेला कुत्रा एकाएकी भित्रा अथवा चिडका झाला, तर तो स्वभावदोष न समजता आजार समजावा. कान दुखणे, हाडाची इजा, दृष्टी अधू होणे यांमुळे असे होते. क्वचित ती पिसाळाची सुरुवातही असू शकते. अशा वेळी त्यास अलग ठेवून पशुवैद्यास दाखवावे, शिकविण्याच्या भरीस पडू नये.

आपणांस ठाऊक असलेलीच विद्या

भीती मोडण्याची विद्या शेतकऱ्यास नवी नाही. गोऱ्हा शिकवावयाचा असता आपण त्यास एकदम भरल्या गाडीस जुंपीत नाही. जाणत्या, शांत बैलाशेजारी त्यास उभा करतो, मोकळे जू खांद्यावर ठेवतो, मोकळ्या रानात चार पावले चालवितो, पाठीवर थाप देतो व दमण्यापूर्वी सोडतो. शहादे तालुक्यातील सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. तेथील गर्दी, वाद्ये व धूळ यांत जे जनावर स्थिर उभे राहते, त्यास त्याची सवय आधीपासून लागलेली असते, हे कोणताही घोडेवाला सांगेल. तीच गोष्ट कुत्र्याची. मुंबई पोलिसांचा झंजीर नावाचा कुत्रा १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी स्फोटके हुडकून काढण्याच्या कामी प्रसिद्धीस आला. तोही पुण्यास शिवाजीनगर येथील पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रातून शिकून आलेला होता. पोलीस धीट पिल्ले निवडून घेऊ शकतात. शेतकऱ्यास मात्र दारी असलेल्या जनावरासच तयार करावे लागते, एवढाच फरक.

घरचा अभ्यास

प्रथम भीतीची खूण ओळखावी. शेपटी पोटाखाली, कान मागे, अंग जमिनीसरसे, ही लक्षणे सर्वांस दिसतात. परंतु वारंवार ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे, पुढचा पाय उचलून धरणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहणे, याही भीतीच्याच खुणा होत. आवडीचा घास पुढे करूनही कुत्रा तोंड फिरवीत असेल, तर त्याची भीती शिक्षणाच्या पलीकडे गेली असे समजावे. घास हेच येथे माप.

समजा, कुत्रा ट्रॅक्टरास भितो. ट्रॅक्टर दिसेल पण कुत्रा घास खाईल इतक्या अंतरावर त्यास न्यावे. मग ते अंतर शंभर पावले का असेना. ट्रॅक्टर नजरेस पडताच उकडलेल्या अंड्याचा, कलेजीचा किंवा सुकटाचा बारीक तुकडा द्यावा. तो नजरेआड होताच देणे थांबवावे. क्रम हाच ठेवावा: आधी भीतीची वस्तू, मागाहून घास. उलट केल्यास कुत्रा घासासच संशयाने पाहू लागतो. वस्तू दिसताच तो आपल्या तोंडाकडे आशेने पाहू लागला, म्हणजे पाच-दहा पावले पुढे सरकावे. रोज दोन वेळा पाच-दहा मिनिटे पुरेत. आवाजाची भीती असल्यास फटाक्यांचा अथवा होळीच्या ढोलाचा आवाज मोबाइलवर अगदी हलका वाजवून हाच प्रकार करावा व दिवसागणिक आवाज थोडा थोडा वाढवावा. याचा आरंभ दिवाळीच्या किंवा होळीच्या दोन-तीन महिने आधी करणे इष्ट.

याच्या जोडीस चार सोप्या गोष्टी शिकवाव्या: नाव घेताच पाहणे, ‘ये’ म्हणताच येणे, ‘बस’ म्हणताच बसणे आणि स्वतःच्या गोणपाटावर जाऊन पडणे. यांत गोणपाटाचा उपयोग मोठा आहे. घरी ज्या गोणपाटावर त्यास निर्धास्त वाटते, तेच परक्या जागी अंथरले की तेथेही त्यास आपली जागा सापडते. संकटात काय करावे हे ज्यास ठाऊक असते त्यास भीती कमी वाटते. हा नियम माणसाइतकाच कुत्र्यासही लागू आहे.

वर्ग कसा चालवावा

घरी शिकलेला कुत्रा परक्या माणसांत व परक्या कुत्र्यांत टिकेलच असे नाही. त्यासाठी वर्ग पाहिजे. वर्गास इमारत लागत नाही. पिकापासून मोकळे झालेले खळे, शाळेचे सुटीतील पटांगण किंवा सोसायटीच्या गोदामापुढील जागा चालेल. आमच्या मते पुढील नियम पाळावेत:

१. एका वर्गात पाच-सहांहून अधिक कुत्रे नसावेत. प्रत्येकास लस टोचलेली असावी.

२. पहिला वर्ग केवळ मालकांचा असावा. भीतीच्या खुणा ओळखणे व घास वेळेवर देणे हे आधी माणसास आले पाहिजे.

३. भित्र्या कुत्र्यास सर्वांआधी आणावे व सर्वांआधी न्यावे, म्हणजे गर्दीतून जावे लागणार नाही. त्याची जागा कडेला, बैलगाडीच्या किंवा कडब्याच्या गंजीच्या आडोशास असावी.

४. एखादा वयस्क, शांत कुत्रा वर्गात अवश्य असावा. गोऱ्ह्यास जाणता बैल, तसा भित्र्यास हा.

५. दोन कुत्र्यांत आरंभी वीस पावलांचे अंतर असावे व ते दर आठवड्यास थोडे कमी करावे. नाकास नाक लावण्याची सक्ती कधीही करू नये.

६. परक्या माणसाने कुत्र्याकडे चालत जाऊ नये. त्याने बाजूस तोंड करून उभे राहावे व घास जमिनीवर टाकावा; जवळ यावयाचे की नाही हे कुत्र्यास ठरवू द्यावे.

७. वर्ग अर्ध्या तासाचा असावा आणि कुत्रा उत्साहात असतानाच संपवावा.

याप्रमाणे आठवड्यातून एक वर्ग व रोज घरचा अभ्यास ठेवला, तर दीड-दोन महिन्यांत बहुतेक कुत्र्यांत फरक दिसू लागतो. फरक दिसला नाही तर वर्ग सोडू नये, अंतर वाढवावे.

टाळावयाच्या गोष्टी

‘एकदा यात्रेतून फिरवून आणला म्हणजे भीती मोडेल’ असे म्हणून कुत्र्यास ओढीत गर्दीत नेणारे लोक आहेत. असा कुत्रा कित्येकदा निश्चल उभा राहतो व मालकास वाटते की तो निवळला. वस्तुतः त्याने आशा सोडलेली असते. पाण्यात बुडणाऱ्याने हात मारणे थांबविले म्हणजे त्यास पोहता आले असे होत नाही. गुरगुरण्याबद्दलही मारू नये. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली आगाऊ सूचना आहे. ती मोडून काढली तर तो सूचनेवाचून चावू लागेल. भ्यालेला कुत्रा जवळ आला तर त्यास खुशाल कुरवाळावे. लाडाने भीती वाढते हा समज निराधार आहे, कारण भीती ही खोडी नव्हे.

तसेच धीट करणे म्हणजे झुंजार करणे नव्हे. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने भक्ष्याचा सुमारे ३९ टक्के भाग कुत्र्यांचा होता. आपल्याकडेही उसाच्या फडांत बिबट्या वावरतो. रात्री उघड्यावर साखळीस बांधलेला कुत्रा हा राखणदार नसून आमिष होय. त्याचे काम वेळीच भुंकून धन्यास जागे करणे एवढेच. त्यानंतर त्यास बंद निवाऱ्यात जाता आले पाहिजे.

शेवटी मर्यादाही सांगितली पाहिजे. काही कुत्रे कितीही शिकविले तरी बुजरेच राहतात. अशांस वाटेवरच्या दाराशी ठेवू नये, घरामागे शांत जागा द्यावी, पाहुणे आले असता आत घ्यावे व मुलांस एकटे त्यांच्याजवळ जाऊ देऊ नये. फारच त्रास होत असेल तर पशुवैद्याकडे भीती कमी करणारी औषधेही असतात. ती त्यांच्याच सल्ल्याने द्यावी. अशा कुत्र्यास रानात सोडून दिल्याने प्रश्न सुटत नाही. तो दुसऱ्याच्या दारी जातो.

आमची सूचना अशी की, गावोगावच्या सोसायट्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लस टोचण्याचा दिवस ठरवावा व त्याच दिवशी, त्याच पटांगणात मालकांचा पहिला वर्ग घ्यावा. खर्च म्हणाल तर काही अंडी, गोणपाटाचे तुकडे आणि आठवड्यातील अर्धा तास. त्याच्या मोबदल्यात वस्तीवरील लेकराबाळांची निर्धास्ती पदरात पडते, आणि रात्री ज्याच्या भुंकण्यावर भरवसा ठेवता येईल असा राखणदारही मिळतो. पिल्लू घरी आणावयाचे असेल त्यांनी तर वाट पाहू नये. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच, पशुवैद्याच्या सल्ल्याने पहिल्या लसी टोचून, त्यास माणसे, गुरे, गाड्या व मुले शांतपणे दाखवावी. पेरणीच्या वेळी केलेले कष्टच पुढची खुरपणी वाचवितात.